बोअरच्या पाण्यात पीफास निघालं, आता काय?

प्रश्न: आम्ही २००८ ते २०१९ एडिसनला, म्हणजे न्यू जर्सीत, राहत होतो. २०२१ च्या शेवटी तिथल्या जुन्या शेजाऱ्यांना नळाच्या पाण्यात पीएफओए (पीफास म्हणजे वर्षानुवर्षं न विघटणारी मानवनिर्मित रसायनं, त्यांतलं एक) मर्यादेपेक्षा जास्त असल्याची नोटीस आली. तिचा फोटो व्हॉट्सअॅपवर आम्हालाही आला होता, पण घर सोडून झालं म्हणून लक्ष दिलं नाही. २०१९ पासून न्यू जर्सीतच हंटरडन काउंटीत स्वतःचं घर आहे, पाणी बोअरचं. गेल्या महिन्यात शेजारणीने सुचवलं म्हणून ते तपासलं, तर पीएफओए २२ आणि त्याच्याच कुळातलं पीएफओएस ९ पीपीटी (म्हणजे एका लिटरमध्ये इतके नॅनोग्रॅम) आलं. माझं वय ५१, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १६८. मिस्टरांना २०१६ पासून हायपोथायरॉईड आहे. मुलगी पाच महिन्यांची गरोदर असून बाळंतपणाला माझ्याकडेच येणार आहे. टीव्हीवर वकिलांच्या जाहिराती सारख्या चालू असतात. रक्त तपासावं का? केस करावी का? आणि माझं माहेर चिपळूणजवळ आहे. इटलीतल्या बंद पडलेल्या पीफास कारखान्याची यंत्रं तिथल्या लोटे औद्योगिक वसाहतीत आल्याच्या बातम्या वाचून भाऊही घाबरलाय. त्याला काय सांगू?

उत्तर: ताई, तब्येतीची काळजी आणि कोर्टाचा विचार हे दोन धागे तुमच्या पत्रात एकमेकांत गुंतलेत. ते आधी सुटे करा. शरीराच्या बाबतीत घाई फक्त पाणी बदलण्याची आहे, बाकीचं सावकाश करता येतं. कायद्याच्या बाबतीत मात्र लॅबच्या रिपोर्टवरची तारीख महत्त्वाची आहे, कारण काही मुदती तिथूनच मोजल्या जाऊ शकतात आणि त्यातली सर्वांत लहान ९० दिवसांची आहे.

आधी आकड्यांचा अर्थ. न्यू जर्सीची मर्यादा २०२० पासून पीएफओएसाठी १४ आणि पीएफओएससाठी १३ पीपीटी आहे. अमेरिकेच्या केंद्र सरकारने २०२४ मध्ये दोन्हींसाठी ४ पीपीटी ठरवली, पण ती सार्वजनिक पाणीपुरवठ्याला लागू आहे, खासगी बोअरला नाही. म्हणजे तुमचं पीएफओए दोन्ही मर्यादांच्या वर आहे, पीएफओएस राज्याच्या मर्यादेत. २०१९ ला घर घेताना बोअरची तपासणी झालीच असेल आणि तिच्यात यातलं काही दिसलं नसेल. त्यात कुणी लपवाछपवी केली असं लगेच धरू नका. घरविक्रीच्या वेळच्या सक्तीच्या तपासणीत ही रसायनं डिसेंबर २०२१ पासून आली.

एक नमुना म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. दुसरा नमुना घ्या, आणि तो सॉफ्टनर (जड पाणी मऊ करणारं यंत्र) किंवा कुठल्याही फिल्टरच्या आधीच्या नळातून घ्या. राज्याचं प्रमाणपत्र असलेलीच लॅब हवी, आणि चाचणीची पद्धत केंद्राच्या पर्यावरण संस्थेच्या ५३३ किंवा ५३७.१ यांपैकी एक हवी. लॅब पॉलिप्रॉपिलीनच्या बाटल्या पाठवते, त्याच वापरा. त्या दिवशी हाताला क्रीम लावू नका, पावसाळी जॅकेट घालून नमुना घेऊ नका, नळाच्या आट्यांना टेफलॉनची पट्टी असेल तर तो नळ टाळा. पाच-दहा मिनिटं पाणी सोडून मगच बाटली भरा, बर्फात ठेवा, लगेच पाठवा. आपण एक लिटर पाण्यातले काही नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे अब्जांश, मोजतोय. हाताच्या क्रीमने रिपोर्ट बिघडला तर पुढे समोरचा वकील नेमकं तिकडेच बोट दाखवेल. खर्च साधारण तीनशे-चारशे डॉलर धरा.

दुसऱ्या रिपोर्टची वाट न बघता स्वयंपाकघरातलं पाणी बदला. उकळून काही होत नाही. पाणी आटतं आणि पीफास मागे राहतं, म्हणजे प्रमाण वाढतंच. यूव्हीचा उपयोग नाही, नेहमीच्या मिठाच्या सॉफ्टनरचाही नाही. सिंकखाली बसणारा आरओ पुरेसा आहे, दोनशे ते पाचशे डॉलरमध्ये येतो. घेताना खोक्यावर एनएसएफ/आन्सी ५८ हा फिल्टरच्या मानकाचा क्रमांक बघा आणि त्याच्यासोबत पीएफओए-पीएफओएस किंवा एकूण पीफास कमी करण्याचा प्रमाणित दावा आहे का तेही बघा. नुसता ५८ असेल तर तो क्षारांसाठीही असू शकतो. कोळशाच्या फिल्टरसाठी तोच दावा ५३ क्रमांकाखाली असतो. 'नव्व्याण्णव टक्के अशुद्धी दूर' या वाक्याला किंमत शून्य.

आरओ सॉफ्टनरच्या नंतर बसवा, म्हणजे पडदा जास्त टिकतो. बोअरला लोह असेल तर आधी गाळाचा फिल्टर हवा, नाहीतर पडदा वर्षभरात चोंदतो. आरओच्या आधी बसणारे गाळाचे नि कोळशाचे फिल्टर सहा ते बारा महिन्यांनी बदलायचे. लोक इथेच चुकतात. कोळसा भरून गेला की तो नुसता निकामी होत नाही. पाण्यातली दुसरी द्रव्यं त्याची जागा घेतात आणि आधी धरून ठेवलेलं पीफास सुटून बाहेर येऊ लागतं. मग फिल्टरमधून येणारं पाणी आत जाणाऱ्यापेक्षा वाईट असू शकतं. म्हणून बसवल्यावर एकदा आणि पुढे दरवर्षी एकदा, बाहेर येणारं पाणी तपासायचं.

पिण्याचं पाणी आपल्या लक्षात येतं, स्वयंपाकातलं येत नाही. आपल्याकडे भात, वरण, आमटी, चहा, कणीक, ताक, सगळ्यात पाणी जातं आणि ते तिथेच राहतं. हे सगळं आरओचं. भाज्या धुणं, भांडी, आंघोळ, कपडे यांना बोअरचं पाणी चालेल, कारण ही द्रव्यं त्वचेतून फारच कमी शिरतात. त्यामुळे पूर्ण घराला टाक्या बसवायची घाई नको. बसवायच्याच झाल्या तर दाणेदार कोळशाच्या दोन टाक्या एकामागोमाग हव्यात आणि दोघींच्या मध्ये नमुना काढायला नळ हवा. तिथे पीफास दिसू लागलं की पहिली टाकी संपली असं समजायचं. दुसरी तोवर सांभाळते. एकच टाकी विकणारा विक्रेता तुमच्यापेक्षा स्वतःचा विचार जास्त करतोय. हा खर्च काही हजार डॉलरचा आहे, आणि तो खिशातून करण्याआधी पुढचा स्पिल फंडाचा (राज्याच्या भरपाई निधीचा) भाग वाचा.

आता शरीर. पीएफओएचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला साधारण दोन ते चार वर्षं लागतात, पीएफओएसला त्याहून थोडी जास्त. पाणी बदललं की आकडा उतरायला लागतो, फक्त दमाने. तो झटपट उतरवणारा कुठलाही काढा, डिटॉक्स किंवा किलेशन (औषधाने शरीरातले धातू काढण्याचा उपचार) नाही. त्यावर पैसे घालवू नका.

रक्ताची चाचणी एकदा करा, असं आमचं मत आहे. मोठ्या खासगी लॅब ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवर करतात. विमा देईलच असं नाही, आधी विचारा. एका गोंधळापासून सावध राहा: पाण्याचा आकडा नॅनोग्रॅम प्रति लिटरमध्ये असतो आणि रक्ताचा नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये, म्हणजे हजारपट फरक. पीएफओएचं पाणी बरीच वर्षं पीत राहिलं तर रक्तातलं प्रमाण पाण्यातल्याच्या शंभरपटीहून थोडं वर जाऊन थांबतं. तुमच्या २२ पीपीटीमुळे रक्तात साधारण अडीच नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरची भर पडली असेल. त्यात एडिसनचा उरलेला वाटा वेगळा, आणि अमेरिकेत जवळजवळ प्रत्येकाच्या रक्तात जे थोडंफार असतंच तेही वेगळं.

अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०२२ मध्ये डॉक्टरांसाठी पायऱ्या आखून दिल्या. रक्तातल्या सात पीफासची बेरीज २ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली असेल तर त्रासाची अपेक्षा नाही. २ ते २० मध्ये कोलेस्टेरॉल, गरोदरपणातला रक्तदाब आणि वयानुसार स्तनांची तपासणी यांकडे लक्ष द्यायचं. २० किंवा वर असेल तर त्याखेरीज थायरॉईडसाठी टीएसएच, पंचेचाळिशीनंतर मूत्रपिंडाच्या कर्करोगाच्या खुणांसाठी लघवीची तपासणी, आणि अंडकोषाचा कर्करोग व अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याचा दाह) यांच्या लक्षणांची विचारपूस. अमेरिकेतली बरीचशी माणसं मधल्या पायरीत बसतात; बहुधा तुम्हीही बसाल. तसं झालं तर घाबरायचं काही नाही, कारण त्या पायरीवरच्या तपासण्या पन्नाशीत कुठलाही बरा डॉक्टर सांगेलच. मग चाचणी कशाला? तर २० च्या वरचे नाही आहात याची खात्री होते म्हणून, आणि आजचा आकडा कागदावर राहतो म्हणून. तीन वर्षांनी करायला गेलात तर तो उतरलेला असेल. तेव्हा दोघांनीही करून घ्या.

तुमच्या १६८ एलडीएलचं खापर सरळ पाण्यावर फोडू नका. पीएफओएमुळे कोलेस्टेरॉल वाढतं याला चांगला पुरावा आहे, पण या पातळीच्या पाण्याने होणारी वाढ थोड्या अंकांची असते. बाकीचं वय, रजोनिवृत्ती, आनुवंशिकता आणि ताट यांचं. भारतीय वंशाच्या माणसांना हृदयविकार लवकर गाठतो, त्यामुळे कारण काहीही असो, उपचार तोच: डॉक्टरांनी स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध, सुचवलं तर घ्या, पीफास उतरेल म्हणून थांबू नका. लायपोप्रोटीन-ए (हृदयविकाराचा आनुवंशिक धोका सांगणारा रक्तातला घटक) एकदा तपासून घ्या.

मिस्टरांचा थायरॉईड जास्त विचार करण्यासारखा आहे. वेस्ट व्हर्जिनियातल्या पार्कर्सबर्गजवळ ड्यूपाँट कंपनीच्या कारखान्यामुळे पीएफओए पाण्यात गेलं, तेव्हा सुमारे ६९,००० लोकांची माहिती घेऊन शास्त्रज्ञांच्या मंडळाने सहा आजारांशी 'संभाव्य संबंध' मान्य केला: वाढलेलं कोलेस्टेरॉल, थायरॉईडचे विकार, अल्सरेटिव्ह कोलायटिस, मूत्रपिंडाचा कर्करोग, अंडकोषाचा कर्करोग आणि गरोदरपणातला रक्तदाब. तुमच्या घरातले दोन आजार या यादीत आहेत. पण ही यादी लोकसमूहाबद्दल बोलते. एका माणसाचा थायरॉईड कशामुळे बिघडला हे ती सांगत नाही, आणि हायपोथायरॉईड इतका सर्रास आढळतो की समोरची बाजू तेच आधी म्हणेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०२३ च्या शेवटी पीएफओएला माणसात कर्करोग करणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या गटात टाकलं. हा गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतो. तुमच्या घरात धोका किती, हे त्यावरून ठरत नाही.

लेकीबद्दल थोडक्यात. तिच्या डॉक्टरांना हा रिपोर्ट दाखवा आणि रक्तदाब नेमाने बघायला सांगा. स्तनपान चालू ठेवायचं. दुधातून थोडं पीफास जातं हे खरं, पण आईच्या दुधाचे फायदे त्याहून मोठे आहेत, आणि डॉक्टरांच्या मार्गदर्शक सूचनाही हेच म्हणतात. वरचं दूध द्यायची वेळ आली तर पावडर आरओच्या पाण्यातच कालवा. पीफासमुळे लसींना शरीराचा प्रतिसाद थोडा मंदावतो याचा पुरावा चांगला आहे, म्हणून बाळाच्या लसी वेळच्या वेळी, एकही चुकवू नका.

आता कायदा. टीव्हीवरच्या जाहिरातीत मोठे आकडे दिसतात. त्यातले बहुतेक तुमच्यासाठी नाहीत. पीफास बनवणाऱ्या थ्रीएम कंपनीने २०२३ मध्ये जे दहा अब्ज डॉलरहून जास्त कबूल केले ते पाणीपुरवठा यंत्रणांना, फिल्टर बसवायला. न्यू जर्सीने २०२५ मध्ये थ्रीएमशी ४५ कोटी डॉलरपर्यंतची आणि ड्यूपाँटच्या वारस कंपन्यांशी त्याहून मोठी तडजोड केली, तीही राज्याच्या नावाने. त्यातून घरोघरी चेक येत नाहीत. जाहिरातींमधल्या वैयक्तिक दाव्यांपैकी बरेचसे साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्स्टनच्या संघीय न्यायालयात एकत्र केलेल्या, आग विझवण्याच्या पीफासयुक्त फेसाच्या खटल्यांमध्ये जातात. तिथे पुढे नेलेले आजार म्हणजे मूत्रपिंडाचा व अंडकोषाचा कर्करोग, थायरॉईड, अल्सरेटिव्ह कोलायटिस असे मोजकेच. नुसतं कोलेस्टेरॉल घेऊन गेलात तर फोनवरच नाही म्हणतील. शिवाय तुमच्या पाण्यात फेस आला कुठून हे दाखवावं लागेल: विमानतळ, लष्करी तळ, अग्निशमन प्रशिक्षणाची जागा.

तुमच्यासाठी सगळ्यांत व्यवहारी वाट वकिलाकडून जात नाही. ती न्यू जर्सीचा स्पिल फंड. ज्याच्या खासगी बोअरमध्ये राज्याच्या मर्यादेपेक्षा जास्त दूषण आहे त्याला शुद्धीकरण यंत्रणेच्या खर्चासाठी इथे दावा करता येतो, आणि दोषी कोण हे तुम्ही सिद्ध करावं अशी अट नाही. अट आहे ती वेळेची: दूषण कळल्यापासून एका वर्षात अर्ज. तुमचा २२ मर्यादेच्या वर आहे, तेव्हा याच महिन्यात राज्याच्या पर्यावरण विभागाला आणि काउंटीच्या आरोग्य खात्याला फोन करा. घरविक्रीच्या तपासणीचे निकाल लॅब आपणहून राज्याला कळवते. स्वतःहून केलेल्या तपासणीचे तसे जातील असं धरून चालू नका. पूर्ण घराच्या टाक्यांची ऑर्डर विभागाशी बोलल्यावरच द्या. आधी खर्च करून मग पावती पुढे केली तर ती नाकारली जाऊ शकते.

कोर्टाच्या मुदती अशा. दूषणाचा उगम नगरपालिकेचा कचरा डेपो किंवा अग्निशमन केंद्र अशा सरकारी जागेत निघाला, तर त्या संस्थेला ९० दिवसांत दाव्याची नोटीस द्यावी लागते. उशीर झाला तर कोर्टापुढे असाधारण कारण दाखवावं लागतं. शारीरिक इजेच्या दाव्याला दोन वर्षं. मालमत्तेच्या नुकसानीला सहा. ही मोजणी आजार झाल्यापासून होतेच असं नाही. नुकसान झालंय आणि ते दुसऱ्या कुणाच्या चुकीने झालं असावं हे तुम्हाला कळलं, किंवा कळायला हवं होतं, त्या दिवसापासून होते. इथेच तो व्हॉट्सअॅपचा फोटो आडवा येतो. मिस्टरांचा आजार २०१६ चा, एडिसनची नोटीस २०२१ ची. समोरचा वकील म्हणेल, तुम्हाला तेव्हाच कळलं होतं, दोन वर्षं कधीच संपली. त्यावर उत्तर देता येईल का, हे वकिलानेच सांगायचं. आमच्या मते एडिसनचा दावा अवघड आहे आणि बोअरचा त्या मानाने ताजा. तो फोटो मात्र पुसू नका. पुरावा पुसणं हे मुदत संपण्यापेक्षा वाईट.

आजार नसतानाही काही मिळू शकतं का? न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये जॅक्सन टाउनशिपच्या रहिवाशांच्या खटल्यात, जिथे नगरपालिकेच्या कचरा डेपोने विहिरी नासल्या होत्या, पुढच्या आयुष्यातल्या वैद्यकीय देखरेखीचा खर्च मान्य केला. 'आजार होण्याची वाढलेली शक्यता' एवढ्यावर भरपाई मात्र दिली नाही. पुढच्या निकालांनी ती देखरेखीची वाटही अरुंद केली. तुमच्या पातळीवर एकट्याने हा खटला परवडणार नाही. आसपासच्या दहा-पंधरा घरांत असेच आकडे आले तर चित्र पालटतं, म्हणून शेजारणीचा रिपोर्ट मागून घ्या.

वकील असा बघा, ज्याने न्यू जर्सीत भूजलाचे दावे लढवलेत. जाहिरातीतला नंबर बहुधा नावं गोळा करून दुसऱ्या फर्मला देणारा असतो. पहिली भेट सहसा फुकट. फी जिंकल्यावरच, आणि राज्याच्या नियमाने पहिल्या साडेसात लाख डॉलरवर एक तृतीयांशपेक्षा जास्त नाही, तीही खटल्याचा खर्च वजा केल्यावर उरलेल्या रकमेवर. हरलो तर तो खर्च कोणाच्या माथी, हे लेखी घ्या. भेटीला जाताना दोन्ही लॅब रिपोर्ट, एडिसनचे भाडेकरार किंवा पाण्याची बिलं, २०१९ च्या खरेदीची कागदं, मिस्टरांचा थायरॉईडचा पहिला रिपोर्ट आणि रक्ताची चाचणी न्या. कुठल्या वर्षी कुठलं पाणी प्यायलात याचं एक पानभर टिपण तारखांसह लिहा. आणि हो, घर विकायची वेळ आली तर हा रिपोर्ट सांगावा लागेल. त्या वेळी सक्तीची तपासणी होईलच, लपवून काही साधणार नाही.

भावासाठी. ज्याच्या यंत्रांची बातमी त्याने वाचली तो इटलीतल्या त्रिस्सिनोचा मितेनी कारखाना २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेला, आणि जून २०२५ मध्ये विचेन्झाच्या न्यायालयाने तिथल्या पाण्याच्या दूषणाबद्दल अकरा जणांना दोषी ठरवलं. लोट्यात असंच झालंय असं त्यावरून म्हणता येत नाही. म्हणूनच भावाने आत्ता, काही बिघडलेलं नसताना, आपल्या विहिरीचा एक नमुना पीफाससाठी तपासून ठेवावा. गावच्या नेहमीच्या पाणी तपासणीत हे येत नाही, कारण पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, पीफासची मर्यादाच नाही. एलसी-एमएस-एमएस (अत्यल्प रसायनं मोजणारं) यंत्र असलेली लॅब शोधावी लागेल, आणि कुठले पीफास, किती नॅनोग्रॅमपर्यंत मोजता, हे आधी विचारावं लागेल. १०० च्या खाली मोजू न शकणारी लॅब उपयोगाची नाही. सोबत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाकून लोट्यातल्या कारखान्याचं संमतीपत्र, उत्पादनांची यादी आणि सांडपाण्याचे तपासणी अहवाल मागावेत. उत्तराची मुदत ३० दिवस. पुढे खरंच काही निघालं तर पुण्याचं राष्ट्रीय हरित लवादाचं खंडपीठ आहे. तिथे पर्यावरणाच्या वादासाठी कारण घडल्यापासून सहा महिने आणि भरपाईसाठी पाच वर्षं मुदत असते. भरपाई न मागता केलेल्या अर्जाची फी १,००० रुपये, मागितली तर रकमेच्या एक टक्का.